मोटेवरची क्रियापदं

मंगरूळपीरहून शेलूबाजारकडे निघालं की कोसभरावर एक नाला लागायचा, आणि नाल्यापलीकडे डाव्या हाताला शालिग्रामचा मळा. दोन एकरांत वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मधोमध विहीर. रस्त्यानं जाणाऱ्याला मळा दिसायच्या आधी विहिरीवरच्या चाकाची करकर ऐकू यायची, आणि त्या करकरीवर एका माणसाचा आवाज.

मोट हाकणारा माणूस गप्प राहत नसतो. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरणीवरून, खाली उतरतात, मोट भरून वर येते, काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते. मग बैलांनी तीच उतरण पाठमोरं चढून पुन्हा विहिरीशी यायचं. दिवसभर हेच करायचं असेल तर तोंडात काहीतरी लागतंच. कोणी देवाचं म्हणतो, कोणी मेहुणीची थट्टा करतो, कोणी नुसतंच हा-हू करतो. शालिग्राम जे म्हणायचा ते आसपासच्या गावांत कोणी बापजन्मी ऐकलेलं नव्हतं.

मोट पाण्यात बुडाली, तिचा नाडा म्हणजे दोर ताठ झाला, की तो ओरडायचा, “पोशोल!” बैल उतरणीला लागायचे. खाली पोचले की “ओसादी!” बैल मागं सरायचे. आणि ते मागं सरत असताना, पावलागणिक एक, लांबवलेल्या सुरात:

“खोदिल... खोदिला... खोदिली... चिताल... प्रोचिताल...”

शेजारच्या कपाशीच्या वावराचा मालक रंगराव. बांधावर उभा राहून तो रोज एकदा तरी टोकायचा.

“काहो शालिग्रामभाऊ, या साली पास कोन होते? मोरा का कैऱ्या?”

मोरा आणि कैऱ्या ही बैलांची नावं.

“मोरा होईन,” शालिग्राम म्हणायचा. “कैऱ्याचं ध्यान चाऱ्यात राह्यते.”

“अन् मास्तराचं?”

शालिग्राम हसायचा आणि नाड्यावर बसायचा. बैल खाली उतरायचे.

रंगराव त्याला रूसचं मंतर म्हणायचा. बाजारात भाजी घ्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, लढाईवरून आल्यापासून बिचाऱ्याचं डोकं हललं. दोन्हीही खरं नव्हतं. ती क्रियापदं होती. रशियन क्रियापदं. करणं, करून टाकणं, जाणं, जाऊन येणं, वाचणं, वाचून काढणं. एका माणसानं ती शालिग्रामला शिकवली होती, आणि त्याच्या बदल्यात शालिग्रामनं त्याला इंग्रजीतली दिली होती.

ही गोष्ट पहिल्या लढाईची. शालिग्राम वाशीमच्या शाळेत इंग्रजी शिकला होता. पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि भाजीच्या वाफ्यात इंग्रजीला काही काम नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो पलटणीच्या रसद खात्यात कारकून म्हणून भरती झाला. मुंबई, बसरा, बगदाद असं करत करत इराणातल्या कझवीन गावी पोचला. तिथं एक कोठार होतं. पोती, डबे, बूट, खेचरांचं सामान. त्या कोठारात त्याच्या जोडीला येगोर नावाचा एक रशियन होता. रशियात राजा गेला, फौज फुटली, तशी मागं राहिलेली माणसं मिळेल त्या कामाला लागली, त्यांपैकी एक. मूळचा गावचा शाळामास्तर. व्होल्गा नावाच्या नदीकाठचा. त्याला अमेरिकेला जायचं होतं, म्हणून इंग्रजी हवी होती. शालिग्रामला कुठंच जायचं नव्हतं. पण हिवाळा सहा महिन्यांचा, बाहेर बर्फ, आणि सबंध छावणीत मराठी बोलणारा एकही माणूस नाही.

दोघं शिकवायला बसले तेव्हा येगोरनं पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली. तो पोत्याकडं बोट दाखवायचा आणि मान हलवायचा. म्हणजे, याचं नाव नको. पोतं समोर आहे, बोटानं दाखवता येतं. डबा दिसतो, बूट दिसतो, खेचर तर लाथच मारतं. ज्याकडं बोट दाखवता येतं त्याच्यावर वेळ का घालवायचा? पण ‘येईन’ कसं दाखवणार? ‘आला होता’ कुठल्या बोटानं दाखवणार? म्हणून फक्त क्रियापदं. दीड वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आणि मजा अशी की त्यांचं कधी अडलं नाही. कोठाराच्या चार भिंतींत सगळ्या वस्तू समोर होत्या.

एकोणीसशे वीसच्या वसंतात येगोर बंदराकडं निघाला. शालिग्रामनं आपला पत्ता एका पाकिटावर इंग्रजीत लिहून त्याच्या कोटाच्या खिशात घातला: मुक्काम पोस्ट मंगरूळपीर, वऱ्हाड. येगोरनं खिसा थोपटला. “नपिशू,” तो म्हणाला. रशियनमध्ये ‘लिहीन’ दोन तऱ्हांनी म्हणता येतं. एक, लिहीत राहीन. दुसरं, लिहून टाकीन. येगोर दुसरं म्हणाला. मग खेचराच्या पाठीवर थाप मारून ओरडला, “पोशोल!” आणि खेचर, येगोर, पत्ता, तिन्ही वळणाआड गेली.

पत्र आलं नाही.

शालिग्राम परत आला, गोजराबाईशी लग्न झालं, बाप गेला, मळा त्याच्याकडं आला. पहिली चार-पाच वर्षं तो दर गुरुवारी मंगरूळच्या टपालात जाऊन विचारायचा. एकदा त्यानं स्वतःही पत्र लिहिलं. येगोरच्या गावाचं नाव त्याला माहीत होतं, पुढचं काही नव्हतं. ते पत्र पोचलं नाही हे त्याला कळलं असतं तर बरं झालं असतं, पण ते परतही आलं नाही.

मग त्यानं वही केली. जाड पुठ्ठ्याची, उभी, तीन रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात रशियन, तिसऱ्यात मराठी. वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘इंग्रजी व रशियन क्रियापदांची तुलना, मराठी विद्यार्थ्यांकरिता’. विद्यार्थी कोणते, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं:

‘इंग्रज मनुष्य प्रत्येक क्रियापदाच्या गळ्यात घड्याळ बांधतो. केव्हा केले, किती वेळ करीत होता, दुसरे काही होण्याच्या आधी केले की नंतर, हे सर्व त्यास सांगावे लागते. त्यामुळे त्याच्या भाषेत काळ पुष्कळ. रशियन मनुष्य केव्हा हे फारसे विचारीत नाही. तो विचारतो, झाले का? त्याच्या येथे काळ तीनच. परंतु बहुतेक क्रियापदे जोडीने राहतात, एक चालू असलेल्या कामाचे, दुसरे पुऱ्या झालेल्या कामाचे. मराठी विद्यार्थ्याने भिऊ नये. आपण ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढले’ असे म्हणतो, तेच हे.’

पुढच्या पानांवर त्याचा हात जरा सैल सुटलेला होता. इंग्रजीत ‘गेला’ आणि ‘गेली’ एकच. अंधारात कोण गेलं ते कळत नाही. रशियनमध्ये पुरुष ‘पोशोल’, बाई ‘पोश्ला’, आपल्यासारखंच. रशियन माणूस ‘मी मास्तर’ म्हणून थांबतो, ‘आहे’ म्हणत नाही. त्याला इंग्रजी शिकवताना पहिली अडचण हीच, की असणंसुद्धा बोलून दाखवावं लागतं हे त्याला पटत नाही. आणि ‘खोदिल’. म्हणजे गेला होता, पण त्यात परत येणं धरलेलं. ‘पोशोल’मध्ये फक्त निघणं, पुढचं ठाऊक नाही.

अशी एकशे बारा पानं. म्हणायला मात्र परत आल्यापासूनच मोट होती. हळूहळू एक गोष्ट घडत गेली, ती त्याच्या ध्यानात आली नाही. क्रियापदं धावेच्या लांबीची झाली. बैलांच्या पावलांवर ती चढायची, थारोळ्यापाशी पडायची. येगोर कसा बोलायचा ते मागं पडलं, चाकाची करकर तेवढी राहिली. पण पाचव्या वर्षानंतर मळ्यातल्या बैलांना, जोडी बदलली तरी, दुसरी बोली समजेना. शेजाऱ्यानं बैल मागून नेले की ते नुसते उभे राहायचे. चंपत नावाचा गडी एकदा शेजारच्या विहिरीवर अर्धा दिवस त्यांच्याशी डोकं फोडून परत आला. “ह्ये बैल तुमचेच राहू द्या बापा. ह्यायले मराठी येत नाई,” म्हणाला.

हसण्यासारखी गोष्ट होती, सगळे हसले. शालिग्रामही.

पण पन्नाशीकडं जाऊ लागलेल्या माणसाला एक नवीच शंका पोखरू लागली. येगोर थट्टेखोर होता. एकदा त्यानं इंग्रज साहेबाला मीठ म्हणून सोडा दिला होता. त्यानं हे सगळं रचून सांगितलं नसेल कशावरून? वऱ्हाडात पडताळून पाहायला कोण होतं? तेवीस वर्षं आपण जे बैलांशी बोलत आलो ते जगाच्या पाठीवर कुठं, कोणी, चुलीपाशी बसून बोलतं का? की त्या एका कोठारात दोन एकट्या माणसांनी मिळून रचलेला तो खेळ होता, आणि आता खेळणाऱ्यांपैकी एकच उरला? हा विचार आला की मोटेवर त्याचा आवाज मध्येच थांबायचा. बैल मान वळवून बघायचे.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या माघात रंगराव वर्तमानपत्र घेऊन बांधावर आला. दुसरी लढाई जोरात होती.

“ह्ये पाहा. नागपूरले फौजेच्या कचेरीत मानसं पाह्यजेत. रशियन भाषा येनारे. इरानातून रूसले सामान चाललं म्हंते. तुमच्यासाठीच छापलं जसं.”

शालिग्रामनं जाहिरात तीनदा वाचली.

“वय निंघून गेलं माहं,” तो म्हणाला.

“वय मोराचंबी निंघून गेलं. त्याले पाठवू का?”

त्या दिवशी शालिग्रामनं एक मोट कमी काढली. संध्याकाळी गोजराबाई भाकरी थापत होती. लेक मानोऱ्याला दिल्यापासून घरात दोघंच. परातीवरचा हात न थांबवता तिनं विचारलं, “रंगराव काय सांगून राह्यले होते? तुमी नागपूरले चालले म्हंते.”

“दोन दिसासाठी.”

“पुन्हा लढाईवर जाता का या वयात?”

“जायाचं नाई व. नोकरी कोनाले पाह्यजे.”

“मंग कायले जाता?”

हे सांगता आलं असतं तर त्यानं वीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. एकदा कोणीतरी आपलं ऐकावं, आणि उलट बोलावं. बस. तेवढ्यानं खेळ की भाषा हे ठरलं असतं.

“ऐकवून येतो,” तो म्हणाला.

“कोनाले?”

“असन कोनीतरी.”

गोजराबाईनं भाकरी उलटली. सकाळी फडक्यात सहा भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

मंगरूळहून कारंज्यापर्यंत बैलगाडी, कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत छोटी रेल्वे, तिथून मोठी. छोट्या गाडीत समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं, “पाव्हनं, जप करता का?” शालिग्राम ओठ मिटून खिडकीबाहेर पाहू लागला. वही पिशवीत होती. पिशवी मांडीवर होती.

नागपूरच्या कचेरीत एक इंग्रज कप्तान होता, आणि त्याच्या शेजारी एक म्हातारी गोरी बाई. अंगावर जुना काळा झगा. रशियातली होती, नवऱ्याबरोबर पळून येऊन पंचवीस वर्षं झाली होती, आता एका मिशनच्या शाळेत मुलींना बाजा शिकवायची. कप्तानाला रशियन येत नव्हतं, म्हणून तिला बोलावलेलं. शालिग्राम दारात उभा राहिला. कप्तान कागदात होता. बाईनं वर पाहिलं आणि म्हणाली, “सादीतेस.”

आणि शालिग्राम बसला.

बसल्यावर त्याला कळलं की आपण बसलो. कोणीही हातानं खूण केली नव्हती, खुर्चीकडं बघितलं नव्हतं. एका अनोळखी बाईच्या तोंडून एक शब्द निघाला, आणि त्यानं याच्या अंगाला खाली बसवलं. म्हणजे येगोरनं थट्टा केलेली नव्हती. भाषा होती. ती आत्ताही या खोलीत होती. पुढं काहीही झालं असतं तरी त्याचं काम तिथंच झालं होतं. पण माणसाचं मन तेवढ्यावर थांबत नाही. एक मिळालं की दुसरं मागतं.

बाईनं पुढचं काही विचारलं. त्यातलं ‘शिकलात’ त्याला कळलं. त्यानं उत्तर दिलं: शिकत होतो, शिकवत होतो, लिहिलं, वाचलं, विसरलो नाही. बाई पुढं झुकली. ती कप्तानाला इंग्रजीत म्हणाली, “विलक्षण आहे. याची रूपं एकही चुकत नाहीत. पण हा बोलत नाही, गातो.”

“गाऊ दे,” कप्तान म्हणाला. “सामानाची नावं विचारा.”

बाईनं खिडकीकडं बोट दाखवलं.

शालिग्राम खिडकीकडं बघत राहिला. ती दिसत होती. तिच्या पलीकडं कडुनिंब होता, तोही दिसत होता. कोठारातही एक खिडकी होती. येगोर तिच्याकडं बोट दाखवायचा आणि मान हलवायचा.

“ओत्क्रिवात,” शेवटी तो म्हणाला. म्हणजे, उघडणं.

बाईनं खुर्ची दाखवली. तो म्हणाला, बसणं. टाक दाखवला. तो म्हणाला, लिहिणं. कप्तानाच्या ताटलीतला पाव दाखवला. तो म्हणाला, खाणं. कप्तानाचे कान लाल झाले. हा काळा मनुष्य आपली चेष्टा करतो आहे असं त्याला वाटलं. त्यानं एक टंकलिखित कागद पुढं सरकवला. बंदरावर माल उतरवण्याबद्दल काही रशियनमध्ये होतं. “वाच आणि इंग्रजीत सांग.”

शालिग्रामनं कागद दोन्ही हातांत धरला. अक्षरं ओळखीची होती. त्यानं सावकाश सांगायला सुरुवात केली. “कोणीतरी काहीतरी आणलं. उतरवत होते, पण उतरवून झालं नव्हतं. काहीतरी तुटलं. कोणीतरी गेला आणि परत आला. पुन्हा उचललं. आता थांबले आहेत. आणखी येईल. आलं की पाठवून देतील.”

“कोण?” कप्तान ओरडला. “काय आणलं? काय तुटलं?”

“ते मला ठाऊक नाही, साहेब.”

खोलीत पंखा नव्हता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. कप्तानानं कागद काढून घेतला, यादीतल्या एका नावावर रेघ मारली आणि सभ्यपणे म्हणाला की त्रासाबद्दल आभारी आहोत.

शालिग्राम व्हरांड्यात आला. पिशवीत वही तशीच होती. कोणी विचारली नव्हती. दोन पायऱ्या उतरला तेव्हा मागून बाई आली. तिला बंगल्यातल्या नोकरांशी बोलण्यापुरतं मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

“किसने सिखाया?”

“येगोर. कझवीन में.”

“व्होल्गा का आदमी?”

शालिग्राम दचकला. हे नाव त्यानं आत उच्चारलं नव्हतं. बाई स्वतःशीच हसली. तो प्रत्येक ठिकाणी गोल ओठांनी ‘ओ’ म्हणत होता. शहरातली माणसं तिथं ‘अ’ म्हणतात. तिला लहानपणी सांभाळणारी आया तसंच बोलायची. तीही व्होल्गाची. “चालीस बरस बाद सुना,” बाई म्हणाली. तेव्हा शालिग्रामला वाटलं की ऐकायला आपण एकटेच भुकेले नव्हतो.

त्यानं वही दिली. बाई व्हरांड्याच्या कठड्याला टेकून पानं उलटत गेली. मराठी तिला येत नव्हतं, पहिले दोन रकाने येत होते. बत्तिसाव्या पानावर ती थांबली, झग्याच्या खिशातून पेन्सिल काढली आणि एका शब्दावर जोर कुठं द्यायचा त्याची बारीक खूण केली. एकच. मग वही मिटून परत दिली.

“येगोर किधर गया?”

“बंदर को. बोला, नपिशू.”

बाईच्या भुवया किंचित हलल्या. मग तिनं हिंदी सोडलं.

“झ्दाली?” तिनं विचारलं. वाट पाहिलीत?

“झ्दाल,” शालिग्राम म्हणाला. पाहिली.

“दझ्दालिस?”

इंग्रजीत पहिल्यालाही आणि या दुसऱ्यालाही एकच शब्द चालतो. पहिल्यात नुसती वाट पाहणं. दुसऱ्यात, पाहिली आणि तो आला. त्याच्या वहीत ही जोडी एकसष्टाव्या पानावर होती.

“न्येत,” शालिग्राम म्हणाला.

आतून कप्तानानं बाईला हाक मारली. तिनं शालिग्रामच्या बाहीला क्षणभर हात लावला आणि आत गेली. एवढंच बोलणं झालं. एका बाजूनं दोन शब्द, दुसऱ्या बाजूनं दोन. परतीच्या वाटेवर ते त्यानं इतक्यांदा मनात घोळवलं की कारंजा येईस्तोवर त्यालाही धावेचा सूर लागला होता, आणि तो कळताच त्यानं ते म्हणणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ओलिताची पाळी होती. मिरचीचे वाफे तडकले होते. गोजराबाई खालच्या बाजूला कुदळ घेऊन पाणी वळवायला उभी होती. शालिग्रामनं बैल जुंपले. मोट विहिरीत सोडली. नाडा ताठ झाला. तो नाड्यावर बसला, आणि काही बोलला नाही.

त्यानं तसं ठरवलेलं नव्हतं. रात्री अंथरुणावर त्याला एवढंच वाटलं होतं की आता पुरे. भाषा खरी होती हे कळलं. आपल्याकडं तिचं अर्धंच अंग आहे हेही कळलं. जणू एखाद्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं वाजतात, पण घरात ना खिडकी, ना पाव, ना पाऊस. अशा घरात किती दिवस राहायचं? त्यानं आज बैलांना सरळ ‘चल’ म्हणायचं ठरवलं होतं. तेही तोंडातून निघालं नाही.

मोरा उभा. कैऱ्या उभा. मोट पाण्याखाली भरलेली. चाक गप्प. रस्त्यानं एक बंडी गेली, तिच्यातल्या माणसानं मान वळवून पाहिलं, कारण या विहिरीवर आवाज नसणं हीच नवलाची गोष्ट होती.

गोजराबाईनं कपाळावर हात धरून विहिरीकडं पाहिलं. थोडी वाट पाहिली. मग वाफ्यातूनच, पदर खोचून, खणखणीत आवाजात ओरडली,

“पोशोल!”

बैल उतरणीला लागले. शालिग्राम बेसावध होता. पडता पडता वाचला. चाक करकरलं, मोट वर आली, थारोळ्यात पाणी आदळलं. आणि खालून पुन्हा तोच आवाज, “ओसादी!” बैल मागं सरू लागले. त्यांना मालकाच्या आणि मालकिणीच्या आवाजात काही फरक वाटला नाही.

“जीभ गहान ठेवून आले का नागपूरले?” ती ओरडली. “माही मिरची वाळून राह्यली इकडं!”

तो उतरून वाफ्यापाशी गेला. दांडातून पाणी येत होतं. ती पायानं माती सारत होती.

“तुले हे कोठून येते?” त्यानं विचारलं.

“काय?”

“हेच. पोशोल.”

“बावीस वर्सं झाले की. मले काय कान नाई?” तिनं एक वाफा फोडला, दुसरा बांधला. मग, मान खाली घालूनच, कुदळीच्या ठेक्यावर म्हणून दाखवलं, “खोदिल, खोदिला, खोदिली. चिताल, प्रोचिताल. समदं येते. अर्थ नाई येत.”

“मंग कधी विचारलं काहून नाई?”

“तुमी सांगतलं का कधी?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. “तुमी बैलायले सांगत होते. मी आयकत होती.”

शालिग्राम पाण्यात उभा राहिला. पाणी घोट्याला लागलं आणि पुढं गेलं. नागपूरला जाऊन यायला त्याला तीन दिवस लागले होते. विहिरीपासून वाफा साठ पावलांवर होता.

“एक सांगा,” गोजराबाई म्हणाली. तिनं वाकून एक हिरवी मिरची खुडली आणि त्याच्यासमोर धरली. “तिकडं हिले काय म्हनते?”

मिरची समोर होती. बोटानं दाखवता येत होती.

“माहीत नाई,” तो म्हणाला.

“नाई?” ती मनापासून हसली. “दीड-दोन वर्सं होते ना तुमी संगं? मंग येवढं काय बोलत होते दोघं?”

“येनं-जानं,” तो म्हणाला. “येनं-जानंच बोलत होतो.”

ती हसायची थांबली. मिरची तिनं ओटीत टाकली. वर विहिरीपाशी बैल येऊन थांबले होते आणि इकडं बघत होते.

“जा,” ती म्हणाली. “पानी तुटलं.”

तो धावेकडं निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला, मागं वळला. तिला काहीतरी सांगायचं होतं. कुठून सुरू करावं ते समजेना. ती पाठमोरी होती, वाफ्याचं तोंड उघडून पाण्याची वाट बघत. त्यानं नाडा हातात घेतला आणि आरोळी दिली. बैल खाली उतरले आणि मागं सरू लागले. या खेपेला त्यानं पावलागणिक एक क्रियापद म्हटलं आणि त्याच्या मागोमाग त्याचा अर्थ, मराठीत, मोठ्यानं, वाफ्यापर्यंत पोचेल असा. पोचला की नाही ते चाकाच्या करकरीत कळलं नाही.